धुराचा हिशेब आकाशातून

नागपूर शहराच्या उत्तरेला, सावनेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोराडी नावाचे गाव आहे. कामठी तालुक्यातील हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखले जाते. एक म्हणजे येथील जगदंबेचे देऊळ आणि दुसरी म्हणजे येथील औष्णिक वीजकेंद्र. वीजकेंद्राच्या उंच चिमण्या रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला लांबूनच दिसतात. या चिमण्यांतून निघणारा धूर वाऱ्याबरोबर कोठे जातो? तो किती असतो? तो कमी झाला की वाढला, हे कसे ओळखायचे? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी माणसाने जमिनीवर यंत्रे बसवली आहेत. पण याच कामासाठी त्याने शेकडो किलोमीटर उंचीवर उपग्रहही पाठवले आहेत. उपग्रहाला उर्दूत आपण मसनूई सय्यारा म्हणतो आणि प्रदूषणाला आलूदगी. आकाशातला हा मसनूई सय्यारा जमिनीवरची आलूदगी कशी मोजतो आणि २०२० सालच्या टाळेबंदीत त्याला काय दिसले, हे आज आपण समजून घेऊ या.

प्रथम कोराडीला वीज कशी तयार होते ते पाहू. दगडी कोळसा दळून त्याची बारीक पूड करतात आणि ती मोठ्या भट्टीत जाळतात. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते. वाफेच्या जोराने चक्र फिरते आणि चक्राला जोडलेल्या यंत्रातून वीज निर्माण होते. कोराडीचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. पुढे बहुतेक जुने संच एकेक करून बंद झाले आणि २०१५ ते २०१७ या काळात प्रत्येकी ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच सुरू झाले. येथून थोड्याच अंतरावर खापरखेडा येथे १३४० मेगावॉटचे आणखी एक केंद्र आहे. ही दोन्ही केंद्रे महानिर्मिती या सरकारी कंपनीची आहेत. आपल्या घरातला दिवा, पंखा आणि नळाला पाणी आणणारा पंप अशाच केंद्रांच्या विजेवर चालतात.

कोळसा जळला, की वीज मिळते; पण त्याबरोबर इतर वस्तूही तयार होतात. सर्वांत जास्त दिसते ती राख. चिमणीत जाण्यापूर्वी बहुतेक राख विजेच्या भाराने ओढून पकडली जाते. तरी अगदी बारीक कण थोड्या प्रमाणात निसटतातच. कोळशात गंधक असते. ते जळून सल्फर डायऑक्साइड हा वायू तयार होतो. याशिवाय कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड हे वायूही बाहेर पडतात. यांपैकी नायट्रोजन डायऑक्साइड हा आपल्या आजच्या पाठाचा मुख्य विषय आहे.

तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले आहे, की हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. एरवी हे दोन वायू शेजारी शेजारी राहूनही एकमेकांशी संयोग पावत नाहीत. पण भट्टीत किंवा मोटारीच्या इंजिनात फार मोठी उष्णता निर्माण झाली, की त्यांचा संयोग होतो. त्यातूनच पुढे नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे जेथे काही तरी जोरात जळते, तेथे हा वायू सापडतो. तो श्वासावाटे आत गेला, तर श्वासनलिकेचा दाह होतो. दमा असलेल्यांना आणि लहान मुलांना त्याचा त्रास अधिक होतो.

या वायूचे दोन गुण उपग्रहाच्या कामी येतात. पहिला गुण असा, की तो फार काळ टिकत नाही. उन्हाळ्याच्या दिवसांत काही तासांतच तो दुसऱ्या पदार्थांत बदलून जातो. त्यामुळे तो आपल्या उगमापासून फार दूर जात नाही. जेथे तो दाट दिसतो, तेथेच जवळपास त्याचा उगम असतो. दुसरा गुण असा, की तो सूर्यप्रकाशातील निळा व जांभळा प्रकाश शोषून घेतो. म्हणूनच हा वायू तपकिरी दिसतो.

आता उपग्रह कसे मोजतो ते पाहा. काचेच्या दोन पेल्यांत चहा घ्या. एकात फिका आणि दुसऱ्यात कडक. दोन्ही पेले नक्षीच्या बशीवर ठेवून वरून पाहा. फिक्या चहातून बशीवरची नक्षी थोडीफार दिसते. कडक चहातून ती दिसत नाही. चहा जितका दाट, तितका तो प्रकाश अडवतो. उपग्रहही असेच करतो. सूर्याचा प्रकाश हवेतून खाली येतो, जमिनीवरून परततो आणि पुन्हा हवेतून वर जातो. उपग्रहातील यंत्र या परतलेल्या प्रकाशाचे रंग वेगवेगळे करते. निळ्या-जांभळ्या भागातील कोणत्या छटा किती कमी झाल्या आहेत, हे ते तपासते. प्रत्येक वायू आपापल्या ठरलेल्या छटा शोषतो. हे जणू त्याच्या अंगठ्याचे ठसेच असतात. त्या ठशांवरून वायू ओळखता येतो आणि ठसा किती गडद आहे, यावरून त्याचे प्रमाण ठरवता येते.

असे काम करणारा एक प्रसिद्ध उपग्रह म्हणजे युरोपीय अवकाश संस्थेचा सेंटिनेल-५पी. तो १३ ऑक्टोबर २०१७ रोजी अवकाशात गेला. त्यावरील यंत्राचे नाव ट्रोपोमी असे आहे. हा उपग्रह सुमारे ८२४ किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतो. एका फेरीत तो २६०० किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहतो आणि दिवसभरात जवळजवळ सारी पृथ्वी पाहून घेतो. कोणत्याही गावावरून तो दुपारी दीडच्या सुमारास जातो. त्याने गोळा केलेली माहिती सर्वांना मोफत मिळते.

हे तंत्र एका दिवसात इतके पुढे आलेले नाही. १९९५ साली युरोपने सोडलेल्या ईआरएस-२ या उपग्रहावर गोम नावाचे यंत्र होते. त्याच्या चित्रातील एक चौकट ३२० किलोमीटर लांब आणि ४० किलोमीटर रुंद असे. म्हणजे नागपूर ते अकोला हे अंतरसुद्धा एकाच चौकटीत मावावे! त्यात कोराडी वेगळे कोठून दिसणार? २००४ साली गेलेल्या ऑरा या उपग्रहावरील ओमी या यंत्राची लहानात लहान चौकट १३ किलोमीटर बाय २४ किलोमीटर होती. तीही नागपूर शहराहून मोठीच. ट्रोपोमीची लहानात लहान चौकट ऑगस्ट २०१९ पासून साडेपाच किलोमीटर बाय साडेतीन किलोमीटर इतकी झाली आहे. आता मोठे वीजकेंद्र आणि त्याच्या शेजारचे शहर यांत फरक करता येऊ लागला आहे. तरीही एक लक्षात ठेवा. एवढ्या चौकटीत चिमण्या, तलाव, देऊळ, रस्ता आणि वस्ती असे सारेच येते. उपग्रह या सर्वांची मिळून एक सरासरी सांगतो. आणि वारा नागपूरकडून वाहत असेल, तर शहरातील मोटारींचा धूरही त्या चौकटीत येऊन मिसळतो. मग कोणता धूर शहराचा आणि कोणता चिमणीचा, हे कसे ओळखायचे?

अशा वेळी शास्त्रज्ञाला वाटते, की थोडा वेळ मोटारी थांबवून पाहता आल्या तर! प्रयोगशाळेत आपण असेच करतो. एक गोष्ट बंद करतो आणि काय बदलले ते पाहतो. पण सारे शहर कोण बंद करणार? जे कोणी मुद्दाम केले नसते, ते २०२० साली एका रोगामुळे घडले.

करोना विषाणूची साथ जगभर पसरली. भारतात २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. तुम्ही तेव्हा लहान होता. त्या दिवशी गुढीपाडवा होता. तो लोकांनी घरातच साजरा केला. बरोबर दोन महिन्यांनी, २५ मे रोजी, आलेली ईदही घरातच झाली. रेल्वेच्या प्रवासी गाड्या, विमाने, बसगाड्या, बाजार, बहुतेक कारखाने आणि शाळा बंद झाल्या. तो काळ फार कठीण होता. अनेकांचे रोजगार गेले, कित्येक मजूर पायी आपल्या गावी निघाले, अनेक घरांतील माणसे दगावली. त्या काळाला कोणी चांगले म्हणणार नाही. पण त्या काळात हवेचे काय झाले, हे नोंदवून ठेवणे शास्त्रज्ञांचे काम होते आणि ते त्यांनी केले.

हा बदल सर्वांत आधी चीनमध्ये दिसला. वुहान शहरात २३ जानेवारी २०२० रोजी टाळेबंदी झाली होती. त्यानंतरच्या उपग्रहचित्रांत तेथील नायट्रोजन डायऑक्साइड बराच कमी झालेला दिसला. भारतातील चित्रेही एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. युरोपीय अवकाश संस्थेने सांगितले, की मुंबई आणि दिल्ली यांसारख्या शहरांवर हा वायू आदल्या वर्षाच्या त्याच काळापेक्षा ४० ते ५० टक्क्यांनी घटला आहे. मोटारी थांबल्याचा हा परिणाम होता.

पण त्याच नकाशावर काही ठिपके पुसले गेले नव्हते. हे ठिपके कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांच्या जागी होते. मध्य प्रदेशातील सिंगरौलीजवळचे विंध्याचल वीजकेंद्र त्यांपैकीच एक. ४७६० मेगावॉटचे हे केंद्र देशातील सर्वांत मोठे आहे. पुढे झालेल्या अभ्यासांतही हेच दिसले, की शहरांवरची घट मोठी होती आणि वीजकेंद्रांच्या परिसरातील घट त्या मानाने कमी होती. याचे कारण उघड आहे. कारखाने आणि कचेऱ्या बंद झाल्यामुळे विजेची मागणी कमी झाली, त्यामुळे कोळशाच्या केंद्रांतील वीजनिर्मितीही कमी करण्यात आली. पण ती थांबली नाही. दवाखान्यांना वीज लागतच होती. पाण्याचे पंप चालू होते. कोट्यवधी माणसे घरात बसली होती आणि घराघरांत पंखे फिरत होते. मोटार थांबली, तरी चिमणी थांबली नाही.

येथे घाई करून चालणार नाही. एप्रिलमध्ये हवा स्वच्छ दिसली, म्हणजे ती केवळ टाळेबंदीमुळेच स्वच्छ झाली, असे लगेच म्हणता येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये विदर्भात ऊन तापू लागते. तापलेली हवा वर चढते आणि धूर उंचापर्यंत पसरून विरळ होतो. उन्हाने नायट्रोजन डायऑक्साइड लवकर नाहीसाही होतो. म्हणून जानेवारीची तुलना एप्रिलशी करणे चूक आहे. एप्रिलची तुलना आधीच्या वर्षांच्या एप्रिलशीच करावी लागते. शिवाय त्या दिवसांत वारा, पाऊस आणि ढग कसे होते, तेही पाहावे लागते. ढग असले, तर उपग्रहाला खालचे दिसतच नाही.

याची दोन उदाहरणे पाहा. टेरा या अमेरिकी उपग्रहाच्या माहितीवरून नासाने सांगितले, की टाळेबंदीनंतर उत्तर भारतातील हवेत तरंगणारे कण त्या हंगामातील गेल्या वीस वर्षांच्या नीचांकावर आले. पण मार्चच्या अखेरीस तेथे मोठा पाऊसही झाला होता आणि पावसाने हवा धुतली जाते. म्हणून शास्त्रज्ञ थांबले. एरवी पाऊस संपला, की कण पुन्हा वाढतात. या वेळी ते वाढले नाहीत. तेव्हा हा परिणाम टाळेबंदीचाही आहे, असे त्यांनी म्हटले.

दुसरे उदाहरण आपल्या मध्य भारताचे आहे. भुवनेश्वरच्या आयआयटीतील शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले, की उत्तर भारतात हवेतील कण घटले असताना मध्य भारतावर मात्र ते वाढले होते. सारे बंद असताना हे कसे झाले? याचे उत्तर वारे आणि हवेतील ओलावा यांत सापडले. शिवाय याच दिवसांत मध्य भारतातील जंगलांत वणवेही लागतात आणि त्यांच्या धुराला टाळेबंदी ठाऊक नसते. म्हणजे सारे काही बंद असूनही आकाश मळलेले असू शकते.

आता एक सोपा हिशेब करून पाहू. यातील आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. समजा, एका ठिकाणी आधीच्या वर्षी एप्रिलमध्ये उपग्रहाने ५० असा आकडा दिला आणि टाळेबंदीच्या एप्रिलमध्ये ३५. घट १५ झाली. १५ ला ५० ने भागून १०० ने गुणले, की ३० टक्के येतात. पण टाळेबंदी नसती, तरी त्या वर्षीच्या वाऱ्या-पावसामुळे आकडा ४५ वर आलाच असता, असे गणित सांगते. मग टाळेबंदीची खरी घट १० एवढीच. १० ला ४५ ने भागले, तर सुमारे २२ टक्के येतात. पाहिलेत? माप तेच, पण तुलना बदलली की उत्तर बदलले. म्हणून कोणी टक्केवारी सांगितली, तर 'कशाच्या तुलनेत?' असा प्रश्न विचारायला विसरू नका.

उपग्रहाची आणखी एक मर्यादा समजण्यासाठी पुन्हा चहाच्या पेल्यांकडे जाऊ. उंच पेल्यातील फिका चहा आणि बुटक्या पेल्यातील कडक चहा वरून पाहिल्यास सारखेच गडद दिसू शकतात. उपग्रह वरून खालपर्यंतच्या हवेच्या साऱ्या स्तंभातील वायू मोजतो. त्यांपैकी किती वायू चिमणीच्या टोकापाशी आहे आणि किती तुमच्या नाकापाशी, हे तो एकटा सांगू शकत नाही. श्वास तर आपण जमिनीवर घेतो. शिवाय तो दिवसातून एकदा, दुपारी पाहतो. पहाटेच्या थंड हवेत खाली दबून राहिलेला धूर त्याला दिसत नाही. यावर उपाय म्हणून दक्षिण कोरियाने फेब्रुवारी २०२० मध्ये जेम्स नावाचे यंत्र ३६ हजार किलोमीटर उंचीवर पाठवले. ते आशियाच्या मोठ्या भागावर दिवसा तासातासाला नजर ठेवते. तरी रात्रीचे काय, हा प्रश्न राहतोच, कारण ही सारी यंत्रे सूर्यप्रकाशावर अवलंबून आहेत.

म्हणून जमिनीवरची यंत्रे आवश्यक आहेत. ती नाकाच्या पातळीवरची हवा रात्रंदिवस तपासतात आणि एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम वायू आहे, ते सांगतात. आपल्या देशाने २००९ साली ठरवलेल्या मानकांनुसार, निवासी भागांत नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक सरासरी ४० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा १० सुचवली आहे. पण जमिनीवरचे यंत्र एकाच जागेची हवा सांगते. ते नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये असेल, तर कोराडीच्या अंगणातली हवा त्याला कळत नाही. यंत्र खोली सांगते, उपग्रह विस्तार सांगतो. दोघांची साक्ष एकत्र घेतली, तरच हिशेब पुरा होतो.

या बाबतीत नागपूर भाग्यवान आहे. हवा आणि पाणी यांच्या प्रदूषणाचा अभ्यास करणारी नीरी ही राष्ट्रीय संस्था १९५८ पासून येथेच आहे. उपग्रहांच्या माहितीचा राज्याच्या कामासाठी उपयोग करणारे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही येथेच आहे. तुमच्यापैकी कोणी उद्या अशा संस्थेत काम करील, अशी आशा आपण का करू नये? त्यासाठी लागणारे गणित आणि विज्ञान तुम्ही आज शिकतच आहात.

तोपर्यंत एक उपक्रम करून पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे 'समीर' नावाचे अॅप आहे. घरातील मोठ्यांच्या मोबाइलवर ते उघडून आपल्या जवळच्या शहराच्या हवेचा निर्देशांक रोज ठरलेल्या वेळी वहीत लिहा. शेजारी वारा, पाऊस, ढग आणि सुटीचा दिवस यांचीही नोंद करा. एका महिन्यानंतर वही वाचा. हवा कोणत्या दिवशी सुधारली आणि कोणत्या दिवशी बिघडली, हे तुम्हांलाच दिसेल.

टाळेबंदीने आपल्याला एक मोठी गोष्ट शिकवली. साऱ्या देशाला घरात बसवूनही हवा पुरती स्वच्छ झाली नाही. म्हणजे माणसांचे काम बंद करणे हा प्रदूषणावरचा उपाय नव्हे. आणि तो परवडणाराही नाही, हे पायी निघालेल्या मजुरांनी दाखवून दिले. उपाय आहे तो उगमापाशी. मोटारीचा धूर मोटारीपाशी आणि चिमणीचा धूर चिमणीपाशी रोखला पाहिजे. कोळशाच्या वीजकेंद्रांनी किती धूर सोडावा, याचे नियम सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये ठरवले. पुढे त्यांच्या मुदती अनेकदा वाढवण्यात आल्या आणि काही नियम शिथिलही झाले. कोराडीसारख्या गावांतील लोक सर्वांसाठी वीज तयार होताना पाहतात आणि तिचा धूरही तेच आधी श्वासात घेतात. त्यांच्या अंगणातली हवा कशी आहे, हे मोजून त्यांना सांगणे हे ती वीज वापरणाऱ्या आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे. दिव्याचे बटण दाबताना हे लक्षात ठेवा आणि जरूर नसलेला दिवा मालवायला विसरू नका.